व्हेरिगेटेड (पांढऱ्या-हिरव्या पानांच्या) व्हायोलेटची पानं हिरवी पडायला लागली तर

आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांची पांढरी कड उन्हाळ्यात हळूहळू हिरवी व्हायला लागली की बरेच जण घाबरून खत वाढवतात, तेवढं मात्र करू नका. टॉमी लू प्रकारात, म्हणजे कडेला पांढरं असतं त्यात, गरमी आणि जास्त नायट्रोजन दोन्हीने पांढरेपणा जातो. कमी नायट्रोजनचं खत एकदम पातळ करून द्या आणि कुंडी घरातल्या सगळ्यात थंड पण भरपूर उजेडाच्या खिडकीत हलवा, १८ ते २१ डिग्री मिळालं तर बेस्ट. आमच्याकडे पुण्यात मे महिन्यात ते शक्यच नसतं, पण डिसेंबरात झाडाच्या मधोमध येणारी नवीन पानं परत इतकी सुंदर पांढरी-गुलाबी निघतात ना, म्हणून हिरवं झालेलं झाड टाकून देऊ नका प्लीज.

पानापासून रोप करताना जास्तीत जास्त हिरवं पान घ्या, पांढऱ्या भागात क्लोरोफिल नसतं. देठ इंचभर ठेवून तिरका कापायचा, कोकोपीट-परलाइटमध्ये लावायचा. पिल्लं, म्हणजे पानापासून फुटणारी छोटी रोपं, पांढरीशुभ्र आली तर लगेच वेगळी करायची नाहीत, आईच्या पानावरच जगतात ती, नीट हिरवं दिसेपर्यंत थांबा, आणि या पिल्लांना मात्र थोडी ऊब आणि थोडा नायट्रोजन चालतो, उलट मदतच होते.

आणि कलेक्शन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, फुलांवर पट्टे असलेले कायमेरा प्रकारचे व्हायोलेट पानापासून सहसा तसेच येत नाहीत, त्यांचं पान नका घेऊ, रोपच घ्या.