तिथेच जाऊन राहायचं म्हणताय? मग आधी एवढं करा

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बॅगा भरताना कोणीतरी म्हणतंच, काय ठेवलंय तिकडे परत जाऊन, इथेच राहूया की. आमच्याकडे हे दरवर्षी नवरा म्हणायचा आणि मी हसून सोडून द्यायचे, पण सहाव्या खेपेला मीच म्हणाले आणि मग विषय गंभीर झाला, म्हणजे रात्री जागून मोबाईलवर तिथल्या घरांचे फोटो बघण्याइतपत गंभीर. पुढे आम्ही खरंच समुद्राकाठच्या त्या गावात पाच आठवडे राहून आलो, सीझन नसताना, ऑफिसचं काम सोबत घेऊन. त्यातून आणि त्याच्या आधी केलेल्या वेडेपणातून ही यादी झालीये. यादी म्हणजे एक, दोन, तीन असं नाही, जसं आठवतंय तसं सांगतेय, टिक तुम्हीच करत चला.

पहिलं काम घरबसल्या करायचंय. एक कागद घ्या आणि त्या जागेतलं काय काय आवडतं ते सगळं लिहून काढा, सुचेल ते, लाजू नका. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे त्या जागेचं आहे की रजेचं. उशिरा उठणं, रजेचं. भांडी न घासणं, रजेचं. मुलं मोबाईल टाकून बाहेर खेळतात, हे अर्धं अर्धं. संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा, हा जागेचा. माझ्या सतरा ओळी झाल्या होत्या आणि जागेच्या खात्यात पाचच उरल्या, त्यातही एक होती 'तिथे आपण भांडत नाही', जी मी अगदी मनापासून जागेच्या खात्यात टाकली होती आणि नवऱ्याने न बोलता खोडली. कागद फेकू नका, पुढे लागतो.

त्या कागदावर हवामानाची ओळ असेल (असतेच) तर तिला जरा कमी मार्क द्या. डॅनियल काहनेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1998 साली याच्यावर एक अभ्यास छापला होता, अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या (म्हणजे कडक थंडीच्या मधल्या राज्यांतल्या) आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही एकूण आयुष्यात किती समाधानी आहात आणि तिकडचा तुमच्यासारखाच माणूस किती असेल. दोन्हीकडच्या पोरांना वाटलं की कॅलिफोर्नियावाले जास्त खूश असणार, ऊन काय, हवा काय. प्रत्यक्षात दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. म्हणजे लांबून बघताना हवा डोळ्यात भरते, आणि तिथे राहणाऱ्याच्या डोक्यात मात्र परीक्षा, पैसे आणि पाठदुखी हेच चाललेलं असतं.

आता ट्रायल, म्हणजे तिथे काही दिवस राहून बघणं. ही करायचीच, ही न करता घर घेणाऱ्याला मी तरी धाडसी म्हणणार नाही. किती दिवसांची करायची याचं माझं उत्तर आहे कमीत कमी एक महिना, आणि त्याला कारण आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 54 नोकरदारांना लांब रजेवर असताना मधूनमधून विचारलं की कसं वाटतंय, सरासरी रजा 23 दिवसांची होती, आणि त्यांचं बरं वाटणं साधारण आठव्या दिवशी सगळ्यात वर पोचलं, तिथून हळूहळू उतरायला लागलं. आता तुमच्या ट्रिपा आठवा. आठ दिवस, दहा दिवस. आपण दरवेळी बरोब्बर वरच्या पायरीवरून परत येतोय आणि त्या पायरीच्या आठवणीवर घराचा हप्ता भरायला निघालोय. आमच्या पाच आठवड्यांत तो उतार मला बाराव्या दिवशी कळला, सूर्यास्त चालू होता आणि मी खिडकीला पाठ करून प्रिंटरशी भांडत होते.

महिना कुठला, तर सगळ्यात वाईट. तिथल्या माणसांना विचारा की तुम्हाला कुठला महिना नकोसा वाटतो आणि त्याच महिन्याचं बुकिंग करा. पावसाची जागा असेल तर भर पावसात, थंडीची असेल तर दिवस लवकर मावळतो तेव्हा, उन्हाची असेल तर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा. आणि जमलं तर एक चक्कर ऐन गर्दीतही मारा, पण पाहुणे म्हणून नाही, म्हणजे शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन साधं दूध आणायला निघा आणि किती वेळात परत येता ते बघा. हॉटेलात उतरू नका. पाण्याच्या बाजूला, व्ह्यूच्या बाजूलाही नको, मागच्या गल्लीत जिथे तिथले लोक राहतात तिथे भाड्याने घ्या, कारण बजेट शेवटी तिथलंच परवडणार आहे, समोरच्या रांगेतलं नाही. रात्री एक वाजता खिडकी उघडून कान लावा. मागच्या गल्लीत संगीत ऐकू येत नाही पण हॉटेलांचे जनरेटर आणि कचऱ्याच्या गाड्या तिकडेच असतात.

तिथे गेल्यावर फिरायचं नाही. हे नवऱ्याला पटवायला फार वेळ लागला. कंटाळवाणी कामं करायची, जी एरवी मंगळवारी करतो ती. केस कापून घ्या, किल्ली डुप्लिकेट करून घ्या, नळ गळत असेल तर प्लंबर बोलवा आणि तो कधी येतो त्याची वेळ लिहून ठेवा (आमचा चौथ्या दिवशी आला, छान माणूस होता, पण चौथ्या दिवशी). चष्म्याची काडी मोडली तर कुठे जायचं, मुलाला प्रोजेक्टसाठी रात्री चार्ट पेपर आठवला तर काय करायचं. ज्या दुकानदाराशी आमची इतकी वर्षं दोस्ती होती, ज्याच्यासाठी आम्ही इकडून भेट घेऊन गेलो होतो, त्याचं शटर बंद. तो तिथला नव्हताच, सीझन संपला की आपल्या गावी जायचा. गावातली निम्मी ओळखीची तोंडं अशीच गेलेली होती आणि जी उरलेली होती ती आम्हाला ओळखत नव्हती.

आता घर आणि हवा यांचं बघा, कारण इथे खरा खर्च लपलेला असतो. समुद्र असेल तर मीठ. हवेतून येतं, दिसत नाही, आणि किनाऱ्यापासून जितके आत जाल तितकं झपाट्याने कमी होतं, त्यामुळे घर बघताना पाण्यापासूनचं अंतर हे सौंदर्याचं नाही, गंजाचं माप समजा. आमच्या भाड्याच्या घरात किचनच्या कपाटाची बिजागरी हातात आली, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीला बोट लावलं तर चुरा पडला. तिसऱ्या आठवड्यात मी कपाटातले लेदरचे बूट काढले, एका मीटिंगसाठी शहरात जायचं होतं, तर त्यांच्यावर हिरवट पांढरी बुरशी, इतकी नीट पसरलेली की मला आधी वाटलं कोणीतरी पावडर सांडलीये. पुसली तर बोटाला वास, आतल्या सोलपर्यंत गेलेली. आर्द्रता मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, ते नक्की सोबत न्या, घरात 60 टक्क्यांच्या खाली ठेवा असं सांगतात, आमचं 84 दाखवत होतं आणि टॉवेल चौथ्या दिवशीही गारच लागत होता. सुट्टीत ओला टॉवेल आपण रिसेप्शनला देऊन नवा घेतो ना, त्यामुळे हे कधी कळतच नाही.

डोंगर असेल तर हिशोब वेगळा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खालच्या शहरात स्वेटरची थंडी तर वर हीटरची, आणि तो हीटर रोज चालणार आहे. पाणीही दर 300 मीटरला जवळजवळ एक अंश लवकर उकळतं, दोन हजार मीटरवर 93 च्या आसपासच, त्यामुळे कुकर शिवाय शिजवणं म्हणजे वाट बघणं. पण डोंगरावर मला विचाराल तर मुख्य गोष्ट पायऱ्या. फोटोत त्या फार गोड दिसतात. दोन्ही हातात सामानाच्या पिशव्या घेऊन, पाऊस पडत असताना, गुडघा दुखत असताना चढून बघा, आणि मग स्वतःच्या वयात पंधरा मिळवा.

दवाखान्याचं मात्र गंमतीत नेऊ नका. जवळ हॉस्पिटल आहे का एवढं विचारून भागत नाही, तिथे रात्री कोण असतं, सीटी स्कॅन आहे का, हृदयाची अँजिओप्लास्टी होते का, हे विचारायचं. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात आधी स्कॅन व्हायला हवा. म्हणून त्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत एकदा स्वतः गाडीने जाऊन बघा, सीझनच्या गर्दीत, आणि शेवटची बोट किंवा घाटातला रस्ता किती वाजता बंद होतो तेही. सासूबाई आमच्यासोबत राहायला येणार होत्या, त्यामुळे आमच्याकडे या एका ओळीने बाकीच्या दहा ओळी मागे टाकल्या. रोजच्या गोळ्या तिथे मिळतात का हेही आधी बघा, आम्हाला एक गोळी दोन आठवडे मिळाली नाही.

काम घरून करणार असाल तर इंटरनेटला स्पीड किती हे विचारू नका, सगळे डाउनलोडचा आकडा सांगतात. अपलोड विचारा, आणि लाइट गेल्यावर राउटरसोबत पुढचा टॉवर चालू राहतो का ते विचारा. दुर्गम जागी सॅटेलाइट इंटरनेट असेल तर कुठल्या जातीचं ते बघा, जुन्या पद्धतीचे उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतात, तिथून जाऊन यायला आवाजाला अर्धा सेकंद आणि वर लागतो, मग मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघं एकदम गप्प बसतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना हा त्रास खूप कमी.

जागा परदेशात असेल तर कागदपत्रं सगळ्यात आधी, बाकी स्वप्नं नंतर. टुरिस्ट म्हणून जाणं आणि राहणं हे कायद्याला दोन वेगळे प्राणी वाटतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या गटात) व्हिसा असो की व्हिसामाफी, पाहुण्याला कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच, आणि ते सगळ्या देशांचे मिळून, या देशातून त्या देशात गेलं की मोजणी नव्याने सुरू होत नाही, हे खूप जणांना तिथे गेल्यावर कळतं. लॅपटॉपवर काम करणं टुरिस्ट व्हिसावर चालतं का ते गृहीत धरू नका. आणि बऱ्याच देशांत वर्षातले 183 दिवस राहिलात की टॅक्सवाले तुम्हाला आपलं मानायला लागतात. इथे सल्लागाराला पैसे द्या, पुतण्याच्या मित्राला विचारू नका.

घर विकत घ्यायचा विषय वर्षभर काढायचाच नाही. भाड्याने घेताना करारात बघा की सीझनला घर खाली करावं लागतंय का, कारण मालकाला पाहुण्यांकडून आठवड्यात जे मिळतं ते तुमच्याकडून महिन्यात मिळत असतं आणि त्याने तसा विचार केला तर त्याला नावं तरी काय ठेवणार. हे वाढत गेलं की काय होतं त्याचं ठळक उदाहरण व्हेनिस, जुन्या शहरात 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, 2022 मध्ये तो आकडा 50 हजारांच्या खाली आला. कारणं बरीच, पूर आहे, महागाई आहे, पण घरांची पाहुण्यांसाठीची खोली होणं हे त्यातलं मोठं. तेव्हा तिथल्या शाळेत वर्गात किती मुलं आहेत आणि पाच वर्षांपूर्वी किती होती हे विचारून या, त्यावरून गाव चढतंय की उतरतंय ते बरोबर कळतं.

माणसांचं काय, हे मी सगळ्यात कमी लिहिणार होते पण रात्री आठनंतर तेच जास्त लागलं. पाहुण्याशी सगळे गोड बोलतात. तुम्ही राहायला आलात म्हटल्यावर पाणी कुठल्या वेळेला किती वापरता, गाडी कुठे लावता, याकडे लक्ष जातं, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकाने 2018 मध्ये हिशोब मांडला होता की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सोबत घालवलेले 50 तास लागतात आणि जवळची व्हायला दोनशेच्या वर. दोनशे तास! आठवड्याला दोन तास भेटलात तरी दोन वर्षं. म्हणून ट्रायलच्या महिन्यातच कशाततरी घुसा, पोहण्याचा ग्रुप, वाचनालय, भजन, काहीही, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर कोणी 'मागच्या वेळी का नाही आलात' म्हणतं का ते बघा.

परत यायच्या दोन दिवस आधी तो कागद काढा आणि घरातल्या प्रत्येकाने वेगळा बसून परत भरा, एकमेकांचं न बघता, मुलांनीसुद्धा. आमच्या पोरीने फक्त 'इथे मैत्रीण नाही' लिहिलं, नवऱ्याने दोन पानं लिहिली. माझी वाऱ्याची ओळ तशीच राहिली, ती अजूनही आहे, आणि त्या एका ओळीसाठी आम्ही पुढच्या वर्षी तीन महिन्यांसाठी जातोय, पाण्यापासून दोन किलोमीटर आत, पोरीच्या शाळेला सुट्टी असेल तेव्हा.

अरे हो, आणि गाद्या मोजा. आम्ही तीन महिने जातोय हे फॅमिली ग्रुपवर टाकल्याला आज नऊ दिवस झाले, आत्तापर्यंत चार कुटुंबांनी तारखा कळवल्यात, सगळ्यांची सुट्टी असणार आहे, सगळ्यांना सूर्यास्त बघायचाय, आणि मला रोज सहा वाजता मीटिंग आहे.