अठरा पूर्ण व्हायच्या आत

माझा धाकटा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेले आणि महिन्याभरात मी भावाला घेऊन त्याच्या नावावरची ठेव मोडायला एका बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला सांगितलं, "यांची सही चालणार नाही. आणि यांच्या वतीनं तुमचीही चालणार नाही." नियमाप्रमाणे त्या बरोबर होत्या. चूक आमच्या घरात वीस वर्षांपूर्वी झाली होती. तो अठरा वर्षांचा झाला, त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत आई-अण्णा त्याचे पालक राहिले नव्हते, आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात असं मूल, भाऊ किंवा बहीण आहे, त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहिते आहे.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. शाळेत 'अध्ययन अक्षमता' म्हणतात ती वेगळी. त्यात बुद्धी चांगली असते. वाचन, लेखन किंवा गणित अडतं. मी लिहिते आहे ती बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोममुळे माझ्या भावाला आहे ती. तिच्यात समज आणि रोजची कामं शिकणं, दोन्ही मागे राहतं. जुन्या कागदांवर हिलाच 'मतिमंदत्व' म्हटलेलं सापडेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या दोन्हींची नोंद स्वतंत्र आहे. अर्जात चुकीच्या प्रकारासमोर खूण केली, तर पुढचे सगळे कागद त्याच चुकीवर उभे राहतात.

पहिला कागद अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी, आणि त्यावरून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. सेतू केंद्रात अर्ज भरून घेणार असाल, तरी आधार आणि जन्मदाखला समोर ठेवून नावाचं एकेक अक्षर स्वतः तपासा. आमच्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण होतं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि तेवढ्यासाठी चार फेऱ्या झाल्या.

तपासणीचा दिवस मात्र मनावर घ्या. मुलाची बुद्ध्यांक चाचणी होते आणि त्याच्या दैनंदिन वागण्याबद्दल तुम्हाला प्रश्न विचारतात. त्यासाठी वापरतात ती व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी. तिचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी तयार केलं. इथं आई-बाप एक चूक प्रेमापोटी करतात. "स्वतः जेवतो का?" असं विचारलं की आई म्हणते, "हो, छान जेवतो." भात कालवून, वाटी पुढ्यात ओढून, काटे काढून दिलेला मासा तिच्या हिशेबातच नसतो. "आंघोळ स्वतः करतो का?" "करतो." पण पाणी आईनं काढलेलं असतं, पाठ आईनं चोळलेली असते, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती दाराशीच उभी असते. म्हणून जाण्याआधी चार दिवस वहीत लिहा: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे हात लावावा लागला, कुठे नुसती आठवण करून द्यावी लागली, काय अगदी एकट्यानं केलं. वही सोबत न्या. त्याच्याबद्दल वाईट बोलल्यासारखं वाटेल, जीभ अडखळेल, तरी जसं आहे तसंच सांगा. त्याला जे येतं तेही तितक्याच नेमकेपणानं सांगा.

२०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य पातळीला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के अपंगत्व धरलं जायचं; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा. लहान मुलाच्या प्रमाणपत्रावर नूतनीकरणाची मुदत असते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मूल अगदी लहान असेल, तर प्रमाणपत्रासाठी थांबू नका. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथं फिजिओथेरपी, वाचा उपचार वगैरे सुरू करता येतात.

शाळेबद्दल थोडक्यात. आपल्याकडे हे काम जुनं आहे: मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्यात कामायनी १९६४ पासून, नाशिकला प्रबोधिनी १९७७ पासून. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनं. शाळा बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी बघा. मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कसा लिहितात ते, आणि स्वच्छतागृह. दुसरी गोष्ट बघितली की पहिलीबद्दल बरंच कळतं.

आता अठरावं वर्ष. मूल सज्ञान झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग त्याला शंभर रुपयांची नोट ओळखू येवो न येवो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा यासाठीच आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना तो लागू होतो. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. आई, वडील, भावंडं, इतर नातेवाईक अर्ज करू शकतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, होणाऱ्या पालकाची संमती लागते. बाकीच्या भावंडांची ना-हरकतही घेऊन ठेवा. आमच्याकडे थोरल्या भावाची सही मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण 'वाटणीचं काय' ही शंका तोंडावर यायला दोन महिने लागले. तो विषय जेवणाच्या ताटावर आधीच काढा. अण्णा हयात असते, तर एका संध्याकाळी मिटला असता.

एक समज काढून टाका: पालक झालं म्हणजे त्याच्या पैशाचे मालक झालो असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. मी एक दोनशे पानी वही केली आहे. त्याचे बूट, दाढीचं सामान, औषधं, सगळं तिच्यात. हेळसांड केली किंवा मालमत्तेचा गैरवापर केला, तर समिती पालकाला काढू शकते, आणि हे कलम कायद्यात आहे याचं मला मनापासून समाधान वाटतं. कारण माझ्यानंतर कोण, हे मला ठाऊक नाही.

समिती अर्ज बघताना हेही बघते की पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी. हा प्रश्न आधी घरात स्वतःला विचारा. सौम्य पातळीच्या कित्येक मुलामुलींना बँकेत पैसे काढायला, एसटीनं जायला, दुकानातून सामान आणायला शिकवता येतं. जे त्याला जमतं, ते त्याच्या हातातून काढून घेऊ नका.

घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्त शिक्षक असेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांत, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे आणि ते हयातभर मिळू शकतं. पण त्याचं नाव कर्मचाऱ्याच्या हयातीतच, वैद्यकीय प्रमाणपत्रासह, कार्यालयात नोंदलेलं असलं तर काम सोपं होतं. अण्णांनी नोंद केली नव्हती. 'आपण आहोत की' म्हणायचे. त्या एका वाक्यामुळे आई ऐंशीच्या घरात असताना कचेरीच्या बाकावर बसली होती.

बाकीचं भरभर सांगते. उत्पन्न कमी असेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. गावात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात. त्याचं दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. रेल्वेत सोबत्यालाही सवलत मिळते. आणि डाउन सिंड्रोम असेल, तर वर्षातून एकदा थायरॉइड तपासा. भाऊ एका वर्षी गप्प गप्प झाला, दिवसभर झोपायचा. आम्ही म्हणत राहिलो, अण्णांची आठवण येतेय. आठवण होतीच, पण थायरॉइडही होतं. या मुलांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो, म्हणून चाळिशीनंतरचा प्रत्येक बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यात बौद्धिक अक्षमतेचे सुमारे १५ लाख. माझा भाऊ त्या पंधरा लाखांत नाही. प्रगणक दारात आला तेव्हा अण्णा म्हणाले, "थोडा हळू आहे, बाकी काही नाही," आणि पुढचा रकाना कोराच राहिला. अशी किती घरं असतील! शाळा, कार्यशाळा, वसतिगृहं किती हवीत याचा हिशेब याच आकड्यांवरून होतो. १ मार्च २०२७ ही पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. प्रगणकाला स्पष्ट सांगा, आणि त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा.

शेवटचं काम सरकारी नाही. एक पान तयार करा, फाइलच्या अगदी वर. रक्तगट, औषधं, डॉक्टर, ही माहिती आहेच. त्याखाली त्याच्या सवयी लिहा: दिवा चालू ठेवून झोपतो, फटाक्यांना घाबरतो, रागावला की खोलीत एकटं सोडायचं आणि दहा मिनिटांनी हाक मारायची, 'दुखतंय' म्हणत नाही, कानाला हात लावतो. महिन्यातून दोन रात्री त्याला नातेवाइकांकडे राहायची सवय लावा, आपण धडधाकट असतानाच. पहिल्यांदा माझ्या घरी राहिला तेव्हा रात्रभर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच पांघरूण मागितलं. हे पान मी दर दिवाळीत त्याच्यासोबत बसून नव्यानं लिहिते. गेल्या वेळी त्यानं एक ओळ स्वतः सांगितली: चहा बशीत. त्याची एक प्रत माझ्या मुलीकडे आहे, एक शेजारच्या काकूंकडे.