क्रूझर सोडून अ‍ॅडव्हेंचर बाईक घेताय? मराठवाड्याच्या रस्त्यांवर या चुका टाळा

क्रूझरवरून (बुटकी, पाय पुढे ठेवून आरामात चालवायची गाडी) अ‍ॅडव्हेंचर बाईकवर (उंच, कच्च्या रस्त्यावरही चालणारी गाडी) आलेल्यांची सुरुवातीची तक्रार ठरलेली असते: गाडी हातात बसेना. सीट उंच लागते, घाटात गाडी झटके देते, ब्रेक दाबला की पुढून खाली जाते. मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात आणि काही जण वर्ष व्हायच्या आत गाडी विकूनही टाकतात. गाडीत बिघाड असतो क्वचितच. थंडरबर्ड, मीटिअर, अ‍ॅव्हेंजर वर्षानुवर्षं चालवून हातापायांना जे वळण लागलेलं असतं, ते या गाडीवर उलटं पडतं. ते नेमकं कुठे आडवं येतं, हे कळलं तर बराच खर्च आणि बरीच खरचटणी वाचते.

उंचीला घाबरून गाडीच खाली करणं

मीटिअर ३५० या क्रूझरची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० या अ‍ॅडव्हेंचर बाईकची ८२५ वर. फरक सहा सेंटिमीटरचा. पण क्रूझरवर दोन्ही तळवे सपाट टेकायची सवय असते आणि इथे नुसते चवडे टेकतात. शोरूममध्येच धडकी भरते आणि महिन्याच्या आत लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा सुटा भाग) बसते. हे करू नका. ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच जातं. शिवाय साइड स्टँड आता गाडीच्या मानाने लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि शेजारून ट्रक गेला तरी उजवीकडे आडवी होते.

दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडा. थांबताना बूड सीटवर थोडं डावीकडे सरकवा, डावा तळवा पूर्ण टेकेल. उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहू द्या. रिकाम्या मैदानात रोज थोडा वेळ हे केलं की उंचीची भीती जाते. जाड तळव्याचे बूट घातले की आणखी सोपं.

खरी परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात होते. लातूर-धाराशिवकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तुम्ही गाडी डांबराच्या पार काठावर नेता आणि सवयीने डावा पाय सोडता. डांबरावर डांबर चढून रस्ता वर आलेला असतो, बाजूची माती पावसाने खाली गेलेली असते. क्रूझरवर वीतभर खोलीलाही पाय पोचतो. इथे पाय खाली जातच राहतो, आणि दोनशे किलोंच्या आसपासची गाडी एकदा कलंडायला लागली की कुणाच्या बापाला आवरत नाही.

म्हणून ट्रॅक्टर लांब असतानाच जागा हेरा. साईडपट्टी सपाट दिसली तर पूर्ण गाडी खाली उतरवून थांबा. डावीकडे खोल असेल तर काठाच्या दोन फूट अलीकडे थांबून उजवा पाय टेका. त्यासाठी शेवटच्या क्षणी मागचा ब्रेक सोडून पुढचा धरायची सवय हवी, आणि ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. क्रूझरवर याची गरजच पडलेली नसते, म्हणून ऐनवेळी सुचत नाही.

वरच्या गिअरला ओढत नेणं

मीटिअर २७ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद) ४००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) देते. हिमालयन ४५० चे ४० न्यूटन-मीटर ५५०० आरपीएमला येतात. कागदावर जास्त ताकदीची गाडी धारूरच्या घाटात चौथ्या गिअरला धडधडते, चेन खडखडते, आणि वळणात वेग कमी झाला की बंद पडते. वळणात झुकलेली गाडी बंद पडली की हमखास पडते. ‘इंजिन ओढत नाही’ ही तक्रार घेऊन मेकॅनिककडे जाण्याआधी एक-दोन गिअर खाली उतरवून बघा. आवाज वाढेल, कानाला आधी तो जास्त वाटेल. या इंजिनाला तो चालतो. कमी वेगाच्या वळणात दुसरा गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, एवढं जमलं की झटके थांबतात.

पुढचा ब्रेक एकदम आवळणं

क्रूझरवर पाय पुढे असतात, वजन मागे असतं, आणि बरेच जण मागच्या ब्रेकवरच भागवतात. अ‍ॅडव्हेंचर बाईकच्या पुढच्या सस्पेन्शनला लांब प्रवास असतो; हिमालयन ४५० ला २०० मिलिमीटर. लिव्हर एकदम आवळला की पुढून गाडी बसते, मागचं चाक हलकं होतं आणि नेहमीसारखा मागचा ब्रेक दाबला की ते चाक एबीएसला (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) भिडतं. लिव्हर आधी हलका दाबा, पुढचं वजन बसू द्या, मग जोर वाढवा. दोन टप्प्यांत दाबायची सवय लागली की गाडी कुठेही सरळ थांबते.

खडी आणि मुरमाच्या रस्त्यावर एबीएस चाक सारखं सोडत राहतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. बऱ्याच अ‍ॅडव्हेंचर बाईकना मागचा एबीएस बंद करायची सोय असते. मुरमावर ती वापरा, पुढचा मात्र चालूच ठेवा. डांबरावर आल्या आल्या परत चालू करा. हे विसरणं फार महाग पडतं.

काळ्या मातीला हलक्यात घेणं

अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतली म्हणजे कुठेही जाता येतं, हा समज मराठवाड्यात पहिल्याच पावसात मोडतो. आपली काळी कसदार माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पांदण रस्त्यावर पन्नास पावलं गेलात की ती टायरच्या खोबणीत भरते, मग मडगार्डखाली जमते, मग चाकच फिरेनासं होतं. महागाचे नॉबी (मोठ्या गुठळ्यांचे) टायरसुद्धा भरून गुळगुळीत होतात. अशा वेळी जोरात रेस देऊन बाहेर निघायचा प्रयत्न केला तर क्लच जळतो आणि मागचं चाक आणखी खोल जातं. गाडी बंद करा, काठीने नाहीतर टायर लिव्हरने मडगार्डखालची माती उकरून काढा, दोघांनी मिळून ढकलत आल्या वाटेने परत या.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालत नाही. तुम्हीही वाट बघा. वरची माती वाळून पाय चिकटेनासा झाला की तोच रस्ता मजेत पार होतो. आणि एक मनापासूनची विनंती: पांदणीत चिखल आहे म्हणून शेजारच्या पेरलेल्या रानातून गाडी घालू नका. एका गाडीचं चाक गेलं की मागून येणारे सगळे त्याच चाकोरीने जातात, आणि नुकसान ज्याचं होतं त्याचं सगळं पोट त्या पेरणीवर असतं. सरावासाठी बालाघाटातली मुरमाड माळरानं आहेत, उन्हाळ्यात कोरडी पडलेली तळी आहेत. गौताळ्यासारख्या अभयारण्यात मात्र परवानगी असलेल्या रस्त्याच्या बाहेर चाक नको.

काळ्या मातीवर गाडी उभी करायची झाली तर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. स्टँड आधी घट्ट वाटतो, चहा पिऊन येईपर्यंत रुतलेला असतो.

उभं राहताना हँडलला लोंबकळणं

फुफाट्यात किंवा खडीवर उभं राहून चालवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. क्रूझरवाला उभा राहिला की सवयीने मागे रेलतो आणि हँडल ओढून धरतो. प्रत्येक खड्ड्यात मनगट मागे जातं आणि नको तेव्हा थ्रॉटल उघडतो. पाय फूटपेगवर घट्ट, गुडघ्यांनी टाकी धरलेली, छाती हँडलच्या वर, हात सैल. उभं राहून मागच्या ब्रेकचं पेडल पायाला नीट सापडत नसेल तर ते अ‍ॅडजस्ट करून घ्या. वळणात क्रूझरवर गाडीबरोबर अंग झुकवतो. मुरमावर गाडी झुकू द्यायची, अंग सरळ ठेवायचं आणि वजन बाहेरच्या पेगवर द्यायचं.

‘गाडीत काहीतरी बिघडलंय’ वाटतं तेव्हा

मागची डिस्क तापते, गाडी जड चालते: पाय आता पुढे नसून खाली असतो आणि नकळत पेडलवर टेकलेला राहतो. आधी तेवढं तपासा.

समोरचे लोक रात्री सारखे डिपर मारतात: मागे सामान किंवा माणूस बसल्याने गाडी मागून दबली आहे, हेडलाइट वर गेला आहे. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा. वेगात हँडल थरथरत असेल तर टॉप बॉक्समधलं जड सामान काढून खाली आणि पुढे बांधा.

चेन सैल दिसते: लांब सस्पेन्शनच्या गाडीत ती थोडी सैलच असावी लागते. क्रूझरसारखी ताणली तर मागचं चाक वर उचललं जाताना ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. पुस्तिकेतलं माप पाळा. आपल्या धुळीत दर पाचशे किलोमीटरला ती पुसून लूब लावा, एअर फिल्टरही लवकर बघा.

गाडी उभी असताना पंखा घोंगावतो: लिक्विड कूल्ड इंजिनाचं ते नेहमीचं काम आहे, मे महिन्यात तर जास्तच. पंखा बंद आणि तापमानाचा दिवा पेटलेला असेल तर मात्र लगेच थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. रेडिएटरवरचा चिखल वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने काढू नका, पत्र्याची बारीक पाती वाकतात. साध्या नळीने काढा.

पंक्चर: वेडी बाभूळ आपल्याकडे प्रत्येक पाणंदीच्या कडेला आहे. गाडीचं पुढचं चाक २१ इंची आणि ट्यूबचं असेल तर तेवढी ट्यूब तालुक्याच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही. ती सोबत ठेवा, आणि टायर लिव्हर व छोटा पंपही. मऊ रस्त्यावर हवा थोडी कमी केली तर पकड सुधारते, पण ट्यूबच्या टायरमध्ये फार कमी केली की दगडावर रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चेपून फुटते. डांबरावर आलात की हवा परत भरा.

पडलेली गाडी घाईने उचलणं

सराव करताना गाडी पडणारच, आणि गाडीपेक्षा कंबरेचं नुकसान जास्त होतं. आधी किल स्विचने (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा आणि गिअर टाकून ठेवा, म्हणजे सरळ झाल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही आणि पुढे-मागे घसरणारही नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, बूड सीटला टेकवा, एका हाताने हँडलचं टोक आणि दुसऱ्याने मागचा रॅक किंवा ग्रॅबरेल धरा. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. उतारावर पडली असेल तर उचलण्याआधी तिला जमिनीवरच फिरवून चाकं खालच्या बाजूला आणा. टॉप बॉक्स भरलेला असेल तर तो आधी काढा, आणि रस्त्याने कुणी येत असेल तर हाक मारा. आपल्या भागात कुणी न थांबता जात नाही.