मुलांचा ताप, खोकला आणि अँटिबायोटिकची बाटली

लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे यात विशेष काही नाही. पाळणाघर किंवा बालवाडी सुरू झाली की हा आकडा वाढतोही. यांतील बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक, म्हणजेच प्रतिजैविक, मारते ते जिवाणूंना. त्यामुळे साध्या सर्दीत ते दिल्याने ताप लवकर उतरत नाही, जुलाब किंवा अंगावर पुरळ मात्र येऊ शकते. पाण्यासारखा शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, हिरवट झाला की अनेक घरांत ‘आता अँटिबायोटिक हवेच’ असे ठरून जाते. तो रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या सर्दीतही येतो.

शेंबडाच्या रंगापेक्षा श्वास मोजणे कितीतरी उपयोगाचे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला सदरा वर सरकवावा आणि पोट किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, गुंगीत असेल, झटके आले असतील किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना व दाईंना असेच श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले होते आणि तेथे वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकाने मुले वाचली. औषध वाईट नाही, नेम चुकतो.

जुलाबांत ओआरएस आणि १४ दिवस झिंक हेच मुख्य उपचार आहेत. शौचात रक्त दिसले तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांकडे जावे.

दवाखान्यात ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ असे म्हणण्याऐवजी संसर्ग नेमका कुठे आहे, औषध किती दिवस द्यायचे आणि दोन दिवसांत उतार न पडल्यास काय करायचे, हे तीन प्रश्न विचारावेत. टायफॉइड किंवा लघवीच्या संसर्गाची शंका असेल, तर कल्चरचा, म्हणजे रक्तात किंवा लघवीत जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीचा, नमुना पहिल्या डोसाआधी द्यायचा असतो. औषध पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून तेच औषध आणणे तर पूर्ण टाळावे, कारण आजार वेगळा असू शकतो आणि डोस वजनावर ठरत असल्याने तोही बदललेला असतो.

आता बाटली. मुलांची बरीच प्रतिजैविके कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतात. आधी बाटली टिचकी मारून पावडर मोकळी करावी, उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घालून जोरात हलवावे आणि फेस खाली बसू द्यावा. फेस बसला की पातळी उतरलेली दिसते. तेव्हा खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवावे. फेसालाच पातळी समजून थांबले, तर औषध ठरल्यापेक्षा दाट होते. प्रत्येक डोसाआधीही बाटली हलवावी, नाहीतर सुरुवातीला नुसते गोड पाणी आणि शेवटी गाळ पोटात जातो. डोस मापाच्या टोपीने किंवा सिरिंजने द्यावा. घरातले चमचे एका मापाचे नसतात. कालवल्याची तारीख बाटलीवर लिहावी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे असते. इतरांसाठी लेबल वाचावे.

ताप उतरला म्हणून डोस मनाने बंद करू नयेत, तसेच डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एक दिवसही वाढवू नयेत. उरलेले औषध धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नये. औषधाने पुरळ उठले तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठावे. त्या औषधाचे नाव लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवावे, कारण पुढच्या वेळी ‘ते गुलाबी औषध’ एवढेच सांगून कोणत्याही डॉक्टरला काहीच कळत नाही.