पोरगं गप्प झालंय? आधी हे बघा
पोरांचं डिप्रेशन उदासीपेक्षा बऱ्याचदा चिडचिडीत दिसतं, म्हणून आपण "वय आहे, होतं असं" म्हणून सोडून देतो. गणपतीत चाकरमानी आलेत, घर भरलंय आणि दरवर्षी झांजेसाठी भांडणारा पोरगा माळ्यावर पडून, ताटातला मोदक तसाच, तर एका दिवसावरून ठरवू नका पण २ आठवडे जवळपास रोज असंच चाललं, झोप, भूक, अभ्यास बिघडला तर डॉक्टर गाठा, नजर-बिजर नंतर काढा. ते थायरॉइड, रक्त तपासतील, पोराला एकट्याला बोलतं करतील, तेव्हा तुम्ही बाहेर बसा हो! मरायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर त्याच दिवशी न्या, एकटा सोडू नका. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.