रूप बदलणारा रोबो घेताना आधी सांधे बघा
१९८४च्या ऑप्टिमस प्राइमची (ट्रकचा रोबो होणारं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळणं) नवी आवृत्ती हातात आली की रंगावर भाळू नका. पिनांच्या भोकांभोवती प्लॅस्टिक पांढरं पडलं असेल, तर ते तिथेच तडकणार. धातूचे भाग ओळखायला लोहचुंबक कुचकामी. ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, चुंबक चिकटतो तो पोलादी पिना-स्क्रूंना. त्यापेक्षा वजन आणि हाताला लागणारा गारवा बघा. सांधा अडला तर जोर नको, आधी खटका सुटलाय का ते तपासा. गोळा-खोबणीचा सांधा ढिला असेल तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, २४ तास वाळवा, मगच बसवा. ओला बसवला तर कायमचा चिकटेल. आणि नाशिकच्या एप्रिलात, पारा ४०ला टेकलेला असताना, शोकेस उन्हाच्या खिडकीत? स्टिकरच्या कडा उचलल्याच म्हणून समजा.