परतीचा पाऊस सरला, आता खाडीची कामं: कालवं-शिणाणे काढणाऱ्यांसाठी आणि व्हाळाकाठच्या बागायतदारांसाठी सल्ला

कालावधी: ऑक्टोबर ते डिसेंबर. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या गावांसाठी.

परतीचा पाऊस ओसरला की खाडीचं पाणी निवळायला लागतं, खारटपणा चढतो आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला बायका टोपल्या घेऊन कालवांच्या खडकांवर उतरतात. शिणाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या हिरव्या शिंपल्यांचं, बी (लहान पिल्लं) दोरांना बांधायचे दिवसही हेच. नेमकं याच वेळी वर बागेत गवत कापणं, पहिल्या फवारणीची जुळवाजुळव, गोठ्याची साफसफाई आणि दिवाळीच्या पाहुण्यांसाठी खोल्या तयार करणं सुरू होतं. वर काम करणारे आणि खाली कालवं काढणारे पुष्कळदा एकाच घरातले असतात, पण दोन्ही कामांचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो. हा सल्ला दोघांसाठी मिळून आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कालव, शिणाणा, तिसरी, मुळा हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी आतून फिरवतं. त्या पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते त्याच्या अंगात साठत जातात आणि आजूबाजूच्या पाण्यात असतात त्यापेक्षा मांसात कितीतरी जास्त भरतात. म्हणून आंघोळीला चालणारं पाणी कालवाला चालेलच असं नाही. आपल्याकडे आंघोळीच्या समुद्रपाण्यात १०० मिलिलीटरमागे १०० मैलाजन्य जिवाणू ही मर्यादा धरतात. अमेरिकेत शिंपले काढण्याच्या पाण्याला हीच मर्यादा सरासरी १४ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतही शिंपले काढण्याचं पाणी सगळ्यात वरच्या वर्गात, मिठागरांच्या पाण्याच्या बरोबरीने बसवलेलं आहे. त्या पाण्यात लिटरला निदान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो.

खाडीत उतरू नका, व्हाळाने वर चला

खाडी साफ करायची म्हटलं की आपल्याकडे किनाऱ्यावर झाडू घेऊन फोटो निघतात. प्लास्टिक उचलणं चांगलंच, पण कालव नासतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या घाणीने, आणि ती घाण व्हाळा-पऱ्यांतून, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओढ्या-ओहोळांतून येते. तेव्हा गावाने पहिलं काम हे करावं: बचत गटातल्या चार-पाच बायका, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य आणि दोन तरणी पोरं यांनी ओहोटीच्या वेळी, खाडीला मिळणाऱ्या प्रत्येक व्हाळाच्या तोंडापासून वर चालत जावं. कुठे पाइप निघतो, कुठे काठावर गायरी (शेणाचा उकिरडा) आहे, कुठे पाण्यावर तेलकट तवंग किंवा साबणाचा फेस आहे, सगळं वहीत टिपावं. पावसाळा नुकताच सरल्यामुळे व्हाळ अजून वाहते असतात. डिसेंबरनंतर अर्धे सुकतात आणि मग काही कळत नाही.

तपासणीसाठी फार खर्च नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचं शिक्षण दिलं आहे. त्याच कामातली जिवाणू तपासणीची छोटी बाटली इथे उपयोगी पडते. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि घरात उबदार जागी, चुलीच्या फार जवळ नाही अशा बेताने, २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळं पडलं की त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. अठरा-वीस तासांतच काळं पडलं तर घाण बरीच आहे असं समजा. मात्र ही बाटली खाऱ्या पाण्यात आणि खाडीच्या चिखलात वापरू नका. तिथे चिखलातल्या इतर जिवाणूंमुळेही ती काळी पडते आणि उगाच घबराट होते. व्हाळाचं गोडं पाणी, खारं मिसळण्याच्या वरच्या अंगाला, तेवढंच तपासा.

व्हाळाला दोन फाटे असतील तर दोन्हींच्या वेगळ्या बाटल्या भरा. एक काळी, एक स्वच्छ निघाली की काळ्या फाट्याने पुढे चला. असं दोन-तीनदा केलं की शोध एखाद्या घराच्या मागच्या गटारापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत येऊन थांबतो. तिथे भांडायला जाऊ नका. त्या घरातल्या माणसाला बाटली दाखवा आणि काय करता येईल ते सोबत बसून ठरवा. गावकीच्या बैठकीत नाव घेतलं की माणूस हट्टाला पेटतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

खाडीच्या पाण्याची आणि कालवाच्या मांसाची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते. नमुना ओहोटी संपता संपता घ्या, कारण जमिनीवरून उतरलेलं पाणी तेव्हा सर्वात जास्त असतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांतलाही एक नमुना ठेवा. उधाणात खाडी धुऊन निघते, भांगात पाण्याची हालचाल मंद असते आणि घाण जागच्या जागी रेंगाळते. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. कोणती प्रयोगशाळा कोणती तपासणी करते हे आधी फोन करून विचारा. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय याबाबत योग्य रस्ता दाखवू शकतं.

हा मार्ग लांबचा आहे, पण चालून बघितलेला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून ड्रेटन हार्बर नावाची उपसागरासारखी खाडी आहे. गळक्या सेप्टिक टाक्या, दुधाच्या गोठ्यांचं शेण, गावातून वाहून येणारं पावसाचं पाणी यामुळे १९९९ पर्यंत तिथे कालवं काढणं पूर्ण बंद झालं होतं. लोकांनी २००१ च्या सुमारास सामुदायिक कालवशेती सुरू केली आणि तिचाच उपयोग गाऱ्हाणं मांडायला केला: कालवं लावली आहेत, आता पाणी सुधारा. एकेक गोठा, एकेक टाकी दुरुस्त होत गेली आणि २०१६ च्या अखेरीस आठशे एकरांहून जास्त क्षेत्र वर्षभरासाठी पुन्हा खुलं झालं. म्हणजे एका हंगामात फळ मिळेल अशी आशा धरू नका.

संडास आणि सेप्टिक टाकी

सर्वात मोठं कारण बहुधा इथेच सापडतं. जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळलेला. शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरतं. खाडीकाठच्या सखल भागात जमिनीतलं पाणीही वर असतं. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या निदान दोन मीटर वर हवा. ते जमत नसेल तर खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधा, भोवती वाळूचा थर द्या. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा वापरा. भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवणारी घरं आहेत, आणि तसं केलं की सगळा उद्देशच जातो.

सेप्टिक टाकीचं बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं हा मोठा गैरसमज. ते उघड्या गटारात सोडू नका, शोषखड्ड्यात न्या. न्याहारी-निवास चालवणाऱ्यांना खास सांगणं: चार माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर दिवाळी ते नाताळ वीस माणसं आली की ती उतू जाते, आणि कालवांचा हंगामही तोच. पाहुणे येण्याआधी, ऑक्टोबरातच टाकी उपसून घ्या. उपसणाऱ्या गाडीवाल्याला मैला कुठे टाकणार ते विचारा आणि उत्तर पटलं नाही तर पैसे देऊ नका. रात्री व्हाळात रिकामी झालेली गाडी शेवटी त्याच पाहुण्यांच्या ताटात येते.

गोठा आणि बाग

गायरी व्हाळापासून लांब, उंचवट्यावर ठेवा. ती हलवणं शक्य नसेल तर उताराच्या बाजूने जांभ्याचा गडगा घालून आत माती भरा आणि खालच्या अंगाला वाळा लावा. वाळ्याच्या मुळ्या माती धरतात आणि वाहतं पाणी मंदावतं. गोठा धुतलेलं पाणी थेट चरातून न सोडता नारळ-केळीच्या आळ्यांत फिरवा. म्हशींना खाडीत डुंबायला सोडता येईल, पण कालवांच्या पट्ट्यापासून दूर.

आंब्याच्या बागेत मोहोराआधीच्या फवारण्या आता सुरू होतील. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं, म्हणजे लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे, मासे, कोळंबी आणि खेकड्यांसाठी अत्यंत विषारी आहेत. पंप आणि बादल्या व्हाळात धुऊ नका. धुण्याचं पाणी बागेतच, झाडाच्या विस्ताराखाली पसरून टाका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या. व्हाळाच्या काठचा पट्टा फवारणीतून सोडा. आभाळ आलेलं असेल तर त्या दिवशी थांबा. कोळंबीची तळी असलेल्यांनी तळ्याचं पाणी भांगात सोडू नये, उधाणाच्या उतरत्या पाण्यात आणि आधी एका खड्ड्यात निवळवूनच सोडावं.

कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल थोडक्यात: पारा, शिसं, कॅडमिअम यांसारखे धातू शिजवूनही जात नाहीत आणि स्वच्छ पाण्यात ठेवूनही लवकर जात नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला कालव-शिणाण्यांची शेती करूच नका. अशा खाडीत मासे मेलेले दिसले तर तारीख, वेळ, भरती-ओहोटी लिहून ठेवा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीला कागद लागत नाही, म्हणून उत्तरही येत नाही.

पावसानंतरचा खाडा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादी जोराची सर येतेच. त्या पाण्याबरोबर काठावरचं सगळं खाडीत उतरतं. गावाने एकमताने ठरवून घ्यावं: जोराचा पाऊस झाला की पुढचे निदान पाच दिवस कालवं-तिसऱ्या काढायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. अशी बंदी परदेशातल्या शिंपल्यांच्या खाड्यांवर नेमाने लागते. एकटीने थांबलं तर दुसरी काढून नेते, म्हणून हे बचत गटांनी मिळूनच करायला हवं. कोणाचं पोट रोजच्या टोपलीवर असेल तर त्या पाच दिवसांसाठी गटाच्या बचतीतून उचल देण्याची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर नियम पहिल्याच पावसात मोडतो.

शिणाण्यांचं बी लावताना

खारटपणा हजारी २७ ते ३५ असा स्थिरावला की मगच बी लावा. खाडी अजून गोडसर असेल तर थांबा, बी मरतं. जागा निवडताना व्हाळाचं तोंड, बोटी लागतात तो धक्का आणि गावाचं गटार टाळा. खडकावरचं दीड ते अडीच सेंटीमीटरचं बी घ्या, पण सगळा खडक खरवडू नका. मीटरभर दोराला अर्धा ते पाऊण किलो बी पुरतं. ते सुती मच्छरदाणीच्या कापडात दोराभोवती गुंडाळून शिवा. कापड दोन-तीन दिवसांत कुजून जातं, तोवर शिणाणे आपल्या तंतूंनी दोराला चिकटतात. नायलॉनची जाळी वापरली तर ती तशीच राहते आणि खाडीत कचरा होतो. माल पाच-सहा महिन्यांत तयार होतो, मे संपण्याआधी उतरवावा. गटांनी कांदळवन प्रतिष्ठानच्या उपजीविका योजनेची चौकशी जरूर करावी.

काढल्यानंतर

विकण्याआधी कालवं साफ करण्याची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची पद्धत अशी: गाळलेल्या समुद्रपाण्याच्या टाकीत बारा तास ठेवायची, थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. मग टाकी रिकामी करून कालवांवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, नवं पाणी भरून आणखी बारा तास. शेवटी दहा लाख भागांत तीन भाग क्लोरीन असलेल्या समुद्रपाण्यात तासभर ठेवून पुन्हा धुवायची. याने जिवाणू बरेच कमी होतात. विषाणूंचा भरवसा नाही, धातूंचा तर नाहीच. घरी तिसऱ्यांची एकशिपी (एका शिंपलीसकट केलेलं कालवण) करताना शिंपल्या उघडल्या की लगेच उतरवू नका, आणखी पाच मिनिटं उकळू द्या. उकळूनही न उघडलेली शिंपली फेकून द्या.

एक धोका उकळण्यानेही टळत नाही. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते उष्णतेने नष्ट होत नाही. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमच्या किनारी शिणाणे खाऊन सात जण दगावले आणि शेकडो जणांना इस्पितळात न्यावं लागलं. पाणी लालसर, तपकिरी किंवा हिरवट दाट झालेलं दिसलं तर ते पूर्ण निवळेपर्यंत काहीही काढू नका. रंग बदलला नाही तरी विष असू शकतं, म्हणून खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटांची टोकं बधिर होऊ लागली, बोलताना जीभ जड झाली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. श्वास अडकण्याचा धोका असतो, तडक मोठ्या इस्पितळात जा. शिंपल्या कुठल्या खाडीतून, कुठल्या दिवशी काढल्या ते डॉक्टरांना सांगा, उरलेल्या शिंपल्या पिशवीत बांधून सोबत न्या आणि त्याच टोपलीतल्या ज्यांना ज्यांना विकल्या त्या घरी लगेच फोन करा.